पेरभाताची जमीन कशी पारखावी?

भात म्हटला म्हणजे बांधलेले खाचर, त्यात घोटाभर पाणी आणि चिखलणी हेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु भात पिकविण्याची दुसरीही एक रीत आहे. बांध न घालता, चिखल न करता, ज्वारी-बाजरीप्रमाणे वाफशावर पाभरीने किंवा तिफणीने जो भात पेरतात, त्यास पेरभात म्हणतात. मराठवाड्यात परभणी-नांदेडकडे अशी साळ काळ्या जमिनीत पेरतात. सह्याद्रीच्या कुशीत नाचणी-वरीच्या शेजारी वरकस उतारावरही ती दिसते. या रीतीत रोपवाटिका नाही, चिखलणी नाही आणि लावणीची मजुरी नाही. मजुरांची टंचाई दिवसेंदिवस वाढत असल्यामुळे कित्येक शेतकरी बंधूंचे लक्ष तिच्याकडे वळले आहे आणि 'आमच्या जमिनीत पेरभात येईल काय?' असा प्रश्न वारंवार ऐकू येतो.

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ ठिकाणी सातबाराच्या उताऱ्यावर शोधले जाते. ज्या गटाचा आकार जास्त ती जमीन उत्तम, आणि उत्तम जमिनीत कोणतेही पीक उत्तम यावयाचेच, अशी ही समजूत आहे. आम्ही महसुली दप्तरात पुष्कळ वर्षे काढली आहेत. आकार कसा बसविला गेला, त्यामागे जमिनीची कोणती पाहणी होती, हे कागदोपत्री आमच्या नजरेखालून गेले आहे. त्यावरून आम्हास असे सांगावयाचे आहे की, ही समजूत पेरभाताच्या बाबतीत निम्मी खरी आणि निम्मी घातक आहे. तिच्यावर विसंबून पेरणी केल्यास बियाणे, खत, दोन निंदण्या आणि सबंध हंगाम फुकट जाण्याचा संभव असतो. सबब जुनी प्रत काय सांगते, काय सांगत नाही, आणि जे सांगत नाही ते शेतकऱ्याने स्वतः कसे पाहावे, याचा विचार येथे करू.

जुनी प्रतबंदी

इंग्रजी अमलाच्या आरंभी प्रिंगल यांनी दख्खनेत केलेली आकारणी लोकांस झेपली नाही आणि पुष्कळ जमिनी पडीक पडल्या. तेव्हा १८३५ साली इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्या पाहणीस आरंभ केला. तिचे नियम १८४७ सालच्या संयुक्त अहवालात एकत्र झाले व पुढे मुंबई इलाख्यात तेच प्रमाण ठरले. या पद्धतीत शेताचे भाग पाडून प्रत्येक भागात मातीची जात आणि खोली पाहत. जाती तीन होत्या. बारीक, एकसारख्या पोताची काळी ते गडद तपकिरी माती ही पहिली; त्याहून जाड पोताची, फिक्या व बहुधा तांबूस रंगाची ही दुसरी; आणि खडेमिश्रित किंवा मोकळ्या पोताची, फिकट तपकिरी ते करड्या रंगाची ही तिसरी. खोली हातांनी मोजीत. पहिल्या जातीची माती पावणेदोन हात खोल असली म्हणजे तिला सोळा आणे प्रत मिळे. खोली कमी होईल तशी प्रत उतरत जाऊन नवव्या वर्गास दोन आणे उरत.

याखेरीज सात दोष मानले होते. मातीत चुनखडीचे बारीक कण वा खडे असणे, वाळूचे मिश्रण असणे, जमीन उतरती असणे, मातीच्या कणांस एकमेकांची पकड नसणे, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याखाली येणे आणि झऱ्यांमुळे अतिशय ओल राहणे, हे ते सात दोष होत. एकेका दोषामागे जमीन एकेक वर्ग खाली उतरे. कुदळ, पहार आणि अनुभवी नजर एवढ्याच साधनांवर इतकी व्यवस्थित पाहणी झाली, याबद्दल त्या लोकांचे कौतुकच केले पाहिजे.

परंतु ही पाहणी कशासाठी होती, हे विसरता कामा नये. सरकारास जमिनीचे एकमेकींशी प्रमाण ठरवावयाचे होते, आणि कोरडवाहू जमिनीच्या बाबतीत नजरेपुढे तेथील नेहमीची कोरडवाहू पिके होती. अमुक एका पिकास अमुक जमीन मानवेल की नाही, हा प्रश्नच पाहणीकारापुढे नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७६ साली जमिनीच्या मूल्यमापनाची जी चौकट प्रसिद्ध केली, तिचे पहिले तत्त्व हेच आहे की, जमिनीची योग्यता ही नेहमी विशिष्ट उपयोगापुरतीच बोलता येते. कापसाला योग्य, ज्वारीला योग्य, भाताला योग्य असे म्हणता येते. नुसते 'योग्य' म्हणण्यास अर्थ नाही.

भाताची मागणी

आता पेरभात जमिनीकडे काय मागतो ते पाहू. खाचरातील भातास पाणी वरून उभे मिळते. पेरभातास ते मातीच्या पोटातूनच घ्यावे लागते. भाताची बहुतेक मुळे वरच्या हातभर थरात, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटरांत पसरतात. कापूस किंवा तूर यांची मुळे खोल जाऊन खालची ओल ओढतात, तशी शक्ती भाताच्या मुळांत नाही. म्हणून पावणेदोन हात खोलीबद्दल कागदावर जे जादा आणे मिळाले आहेत, त्यांतील बराच भाग भाताच्या पदरात पडत नाही. उलट हातभर खोली मात्र त्यास अवश्य पाहिजे.

याचा ढोबळ हिशेब असा. मध्यम पोताच्या काळ्या जमिनीचा एक मीटर जाडीचा थर पिकाच्या उपयोगी पडेल असे सुमारे १५० मिलिमीटर पाणी धरतो. हातभर थरात ते ६५ ते ७० मिलिमीटर होते. त्यातील निम्मे संपले की भात कोमेजू लागतो असे धरावे. भर हंगामात पिकास दररोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे चांगल्या पावसानंतर उघडीप पडली, तर हातभर काळी जमीन भातास सहा-सात दिवस सांभाळते. खोली अर्धा हातच असेल तर तीन दिवस. आणि ती अर्ध्या हाताची माती वाळूमिश्रित असेल तर दोन दिवसही नाही.

मराठवाड्यात श्रावण-भाद्रपदात दहा-पंधरा दिवसांची उघडीप नवलाची नाही. तेव्हा उत्तम जमिनीतही पीक पोटरीत असता व निसवताना पाऊस ओढला, तर एक-दोन पाळ्या देण्याइतके पाणी विहिरीत किंवा शेततळ्यात असावे. तेवढीही सोय नसेल तर पेरभाताचा मोह सोडावा, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पोटरीपासून फुलोऱ्यापर्यंत बसलेला ताण नंतरच्या पावसाने भरून निघत नाही; लोंब्या पोचट राहतात.

सात दोषांची फेरतपासणी

ही मागणी ध्यानात ठेवून जुने सात दोष पुन्हा वाचले, तर त्यांचे वजन पार बदलते. वाळूचे मिश्रण आणि कणांस पकड नसणे हे दोन दोष पेरभातास एका वर्गाचे नव्हेत, दोन-तीन वर्गांचे समजावे. कारण अशा मातीत पाणी टिकत नाही. उतार शेकडा दोन-तीनपर्यंत असल्यास चालतो. त्याहून अधिक असल्यास पेरणी उताराला आडवी करून समपातळीवर बांध घालावे लागतात. वाहत्या पाण्याखाली येणारी जमीन येथेही दोषीच आहे, कारण पेरल्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात बी वाहून जाते किंवा गाळाखाली दडपते.

याउलट झऱ्यांची ओल हा कापसाला मोठा दोष असला तरी भाताला तो गुण आहे. भाताच्या मुळांत हवा खाली पोचविणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून ओलीने तूर किंवा कापूस जेथे पिवळा पडून मरतो तेथे भात तग धरतो. शेताच्या ज्या सखल कोपऱ्यास पूर्वजांनी 'पाझराचा तुकडा' म्हणून नावे ठेवली, तो कोपरा पेरभातास प्रथम पसंत करावा. पाणी न मुरण्याचा दोषही तसाच अर्धा आहे. चिकण मातीमुळे पाणी हळू मुरत असेल तर बिघडत नाही. परंतु चोपण जमिनीमुळे मुरत नसेल, म्हणजे भिजली की साबणासारखी बुळबुळीत आणि वाळली की दगडासारखी टणक होत असेल, तर मात्र आधी ती सुधारावी, मग पिकाचा विचार करावा.

सर्वांत अधिक बदलते ते चुनखडीचे वजन. जुन्या कोष्टकात या दोषास एकच वर्ग कापीत. पहिल्या जातीची पावणेदोन हात खोल माती, तीत चुनखडीचे खडे, अशा शेतास त्या हिशेबाने चौदा आणे मिळत. शेजारीच दुसऱ्या जातीची, तांबूस, हातभर खोल, निर्दोष माती असेल तर तिला आठ आणे. चौदा आण्यांच्या शेतात भात पेरावा की आठ आण्यांच्या, असे विचारल्यास गावातील शंभरातील नव्वद माणसे पहिल्याकडे बोट दाखवितील. आम्ही दुसऱ्याकडे दाखवू. त्याचे कारण असे.

लोहाचा दुष्काळ

चुनखडीच्या जमिनीत पेरभात पंधरा-वीस दिवसांचा झाला की पुष्कळदा नवी पाने शिरांच्या मधून पिवळी पडतात, पुढे सबंध पान पांढुरके होते, आणि पीक जागच्या जागी बसते. शेतकरी त्यास नत्राची उणीव समजून युरिया टाकतो. पीक हिरवे होत नाही आणि पैसा जातो. नत्राच्या उणिवेत जुनी, खालची पाने आधी पिवळी पडतात. येथे नवी, वरची पडतात. एवढी एक खूण ध्यानात ठेवल्यास हा खर्च वाचेल. ही उणीव लोहाची असते.

काळ्या मातीत लोह नाही असे नव्हे. ते भरपूर आहे. परंतु चुन्याच्या योगाने मातीचा सामू आठाच्या वर गेला, म्हणजे लोह न विरघळणाऱ्या स्वरूपात अडकून बसते. खाचरात पाणी साचून हवा तुटते, तेथे हेच लोह विरघळून मुळांस मिळते. म्हणूनच एकाच वाणाचा भात खाचरात हिरवागार आणि शेजारच्या पेरणीत पांढरा दिसतो. गहू-जवाची मुळे लोह सोडविणारा स्राव पुरेसा सोडतात. भाताची मुळे तो फारच थोडा सोडतात, कारण त्याचा पिंडच पाण्यातला आहे.

येथे जुन्या पाहणीची मर्यादा दिसून येते. पाहणीकारास चुनखडीचे खडे दिसत, पण पिठासारखा बारीक चुना काळ्या मातीत मिसळलेला असला तर तो डोळ्यांस दिसत नाही. आणि भातास खड्यांपेक्षा हा बारीक चुनाच अधिक बाधतो. तेव्हा ज्या जमिनीवर चुनखडीचा दोष लावलेला नाही, ती या दोषापासून मुक्त आहे असे मानू नये.

पारख कशी करावी

ही पारख वैशाख-ज्येष्ठात, पेरणीपूर्वी करावी. तिला फारसा खर्च नाही.

प्रथम शेताच्या वरच्या, मधल्या व खालच्या अशा तीन जागी दीड हात खोल खड्डे घ्यावेत. खड्ड्याची एक बाजू उभी, स्वच्छ कापून तिचे निरीक्षण करावे. माती किती खोल आहे आणि मुरूम कोठे लागतो, मध्ये कठीण थर आहे काय, मागच्या पिकाची मुळे कोठवर गेली आहेत, हे टिपून ठेवावे. मुळे एकाच पातळीवर आडवी वळलेली दिसली तर तेथे नांगराच्या तळाने दाबलेला थर आहे असे समजावे. हातभर माती मोकळी मिळाली तर जमीन खोलीच्या परीक्षेत उतरली.

मग मूठभर माती चाळून, भिजवून, मळावी. तिची गोळीही वळत नसेल तर ती वाळूची. गोळी होऊन अंगठा व बोट यांमध्ये दाबली असता बोटाच्या दोन पेरांएवढी पट्टी निघत असेल तर ती भातास पाणी धरणारी जमीन होय.

तिसरी परीक्षा पाणी मुरण्याची. ती काळ्या जमिनीत पहिला चांगला पाऊस पडून भेगा मिटल्यावर करावी. आधी केल्यास भेगाच पाणी गिळतात व खोटे उत्तर मिळते. वीतभर रुंद व हातभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा. ते पाणी जिरल्यावर दुसऱ्यांदा भरून पाहावे. दुसरे भरलेले पाणी अर्ध्या तासात नाहीसे झाले तर जमीन फार गळकी. काही तास टिकून संपले तर पेरभातास ठीक. दुसऱ्या दिवशीही बहुतेक तसेच राहिले, तर चोपणाची शंका घ्यावी. ती नसेल तर तेथे बांध घालून लावणीचा भात घेणेच अधिक शहाणपणाचे.

चौथी परीक्षा चुन्याची. खड्ड्याच्या भिंतीवर निरनिराळ्या खोलीस सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत. डोळे व हात मात्र सांभाळावेत. माती फसफसली तर चुना आहे; जितकी जोराने व जितक्या वरच्या थरात फसफसेल तितका धोका अधिक. लिंबाच्या रसानेही पुष्कळ चुना असल्यास बुडबुडे येतात, पण ते आले नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नये.

अखेरीस मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. बांधाजवळ, उकिरड्याच्या जागी, विहिरीशेजारी किंवा झाडाखाली नमुना घेऊ नये. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती घ्यावी, सर्व एकत्र करून चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, आणि असे करीत अर्धा किलो उरवावी. ज्या शेतात मातीचा रंग दोन प्रकारचा आहे तेथे नमुनेही दोन करावेत. २०१५ सालापासून केंद्र सरकारच्या योजनेत मृद आरोग्य पत्रिका मिळू लागली. पुष्कळांच्या घरी ती आली व फडताळात गेली. ती बाहेर काढावी. तीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब व लोह हे आकडे पाहावेत. मुक्त चुन्याचा आकडा पत्रिकेत नसल्यास तो निराळा मागून घ्यावा. सामू साडेपाच ते साडेसात असल्यास उत्तम. आठाच्या वर, मुक्त चुना शेकडा दहाहून अधिक आणि उपलब्ध लोह किलोमागे साडेचार मिलिग्रॅमहून कमी असे तिन्ही एकत्र आले, तर पानांचा पांढरेपणा येणारच असे धरून चालावे. क्षारता १ च्या आत असावी.

डोंगरउताराची तांबडी जमीन

सह्याद्रीच्या तांबड्या जमिनीत प्रश्न अगदी उलटा आहे. तेथे पावसाने चुना धुऊन गेलेला असतो, माती आम्लधर्मी असते आणि लोहाची ददात नसते. उणीव पडते ती स्फुरदाची. घातलेले स्फुरद माती बांधून ठेवते, म्हणून ते बियाच्या ओळीतच द्यावे. भात आम्लपणा इतर पुष्कळ पिकांपेक्षा अधिक सोसतो. सामू पाचाच्या खाली गेला तरच चुना घालण्याचा विचार करावा व तोही परीक्षेच्या आकड्यावरून. तेथील खरी अडचण खोलीची. पाऊस विपुल असला तरी वीतभर मातीत तो ठरत नाही आणि भाद्रपदात पाऊस थांबला की पीक वाळते. म्हणून तेथे लवकर येणारे वाण आणि उतारावरील त्यातल्या त्यात खोल टप्पे निवडावेत.

निकाल कसा द्यावा

दोषांची बेरीज-वजाबाकी करून सरासरी काढण्याची जुनी सवय येथे सोडावी. पिकाच्या बाबतीत सर्वांत मोठा एक दोषच निकाल देतो. चौदा आण्यांची खोली चुन्याने अडविलेले लोह सोडवू शकत नाही. उत्तम सामू पाव हाताच्या मुरमावर पाणी धरू शकत नाही. म्हणून आम्ही जमिनीचे तीन वर्ग सुचवितो.

हातभर खोल, पट्टी निघणारी, न फसफसणारी, सौम्य उताराची आणि पाझराची किंवा संरक्षक पाण्याची सोय असलेली जमीन निःशंक पेरावी. खोली व पाणी ठीक पण माती फसफसणारी, अशी जमीन अटीवर पेरावी. अट ही की, शेणखत भरपूर घालावे, लोहाची उणीव सोसणारा वाण विचारून घ्यावा, आणि नवी पाने पिवळी दिसताच १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस व थोडे लिंबूसत्त्व मिसळून आठवड्याच्या अंतराने दोन-तीन फवारण्या कराव्यात. हिराकस नुसते मातीत टाकल्यास ते चुन्यात पुन्हा अडकते व वाया जाते. वाणाची चौकशी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात करावी. पेरणीच्या भातावर तेथे बरेच काम झाले असून प्रभावती, पराग, अविष्कार यांसारखे वाण तेथूनच आले आहेत. अर्ध्या हाताच्या आतील, वाळूची, चोपण किंवा खारवट जमीन मात्र पेरभातास नाकारावी. तिला दुसरे पीक शोधावे.

एक आठवा दोष जुन्या यादीत नाही, तो आम्ही आपल्या पदरचा जोडतो. तो म्हणजे कुंदा, हरळी व लव्हाळा. खाचरातील पाणी तण दाबून टाकते. पेरभातात तण आणि भात एकाच दिवशी उगवतात व पहिल्या महिन्यात तणाचीच सरशी होते. ज्या शेतात हे तण मुरलेले आहे ते मातीने कितीही चांगले असले तरी एक वर्ष स्वच्छ केल्याशिवाय पेरू नये. तसेच त्याच शेतात वर्षानुवर्षे पेरभात घेतल्यास उत्पन्न घटत जाते. सोयाबीन, मूग किंवा उडीद यांशी पालट करावा.

एवढे करूनही पहिल्या वर्षी सबंध शेत पेरू नये. वरच्या, मधल्या व खालच्या भागांतून जाईल अशी पाच गुंठ्यांची एक पट्टी पेरावी आणि तीन गोष्टी वहीत लिहाव्यात: पाने कोणत्या दिवशी व कोठे पिवळी पडली, उघडिपीत पीक कितव्या दिवशी कोमेजले, आणि मळणीस प्रत्येक भागातून किती धान्य निघाले. सातबारावरील आकार हा सरकारी हिशेबाचा आकडा आहे. त्यावरून वसूल ठरतो, पेरणी ठरत नाही. ती या वहीवरून ठरवावी. कुदळ घरात आहे, मृगास अजून अवकाश आहे. तेवढ्यात तीन खड्डे सहज होतील.